दार फाळण्याआधी

चूक आधी सांगतो, आजार नंतर.

डॉक्टरबाईंनी माझा एक्स-रे संगणकाच्या पडद्यावर दाखवला. उजव्या फुफ्फुसाच्या वरच्या भागात पांढुरका डाग होता. स्प्युटम टेस्ट, म्हणजे थुंकीची तपासणी, झाली होती आणि तिच्यात क्षयाचे जंतू सापडले होते. "टीबी आहे. औषधं नीट घेतली तर बरा होतो," त्या म्हणाल्या. "आता आठवून सांगा, बंद खोलीत तुम्ही नेहमी कोणाकोणाबरोबर बसता?"

मी बायकोचं, रिबेकाचं, नाव सांगितलं. चेन्नईतल्या गिंडीच्या कारखान्यात शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या सहकाऱ्याचं सांगितलं. आमच्या खालच्या मजल्यावरच्या माधवरावांचं नाव जिभेवर आलं होतं. ते मी गिळलं.

"आणखी कोणी?"

"नाही," मी म्हणालो.

हा आजार कोणालाही होऊ शकतो. तो मला झाला यात माझा गुन्हा नव्हता. पण ते 'नाही' माझं होतं. कोणी उद्या त्याच खुर्चीत बसेल आणि त्यालाही हाच प्रश्न विचारला जाईल. म्हणून हे लिहितो आहे.

आम्ही बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे यहुदी. माझं घर अलिबागजवळचं. नोकरीसाठी चेन्नईला आलो आणि वेस्ट मांबलममध्ये राहिलो. इथे आमच्या प्रार्थनेला लागणारी दहा माणसं जमत नाहीत. मराठी कानावर पडायचं ते माधवरावांकडे. ते तंजावरकडचे मराठी, निवृत्त शाळामास्तर. बायको गेलेली, मुलगी वत्सला सोबत राहते. त्यांचं मराठी ऐकून सुरुवातीला मला हसू यायचं. त्यांनाही माझं ऐकून यायचं.

"तुम्ही अलिबागची माणसं अर्धे शब्द खातां," ते म्हणायचे. "पोट भरतं कां त्यानं?"

मोतीबिंदूमुळे त्यांना वाचता येईना. म्हणून शनिवारी संध्याकाळी शब्बाथ, म्हणजे आमचा विश्रांतीचा दिवस, संपला की मी खाली जायचो आणि वडिलांकडून आलेला आमचा धर्मग्रंथ, जुन्या मराठी भाषांतरातला, त्यांना मोठ्यानं वाचून दाखवायचो. डास येतात म्हणून खिडक्या बंद, एसी चालू. मग वत्सला कापी, म्हणजे कॉफी, आणायची. मास्तरांना गोष्टी आवडायच्या, पण गप्प बसणं जमायचं नाही.

लोकांची पापं एका बोकडाच्या डोक्यावर ठेवून त्याला रानात सोडून देतात, हे ऐकल्यावर ते म्हणाले, "अय्यो! त्या बोकडानं काय केलं होतं?"

देव रागावतो, लोक रडतात, देव पुन्हा क्षमा करतो, हे वरचेवर येतं. तेव्हा म्हणाले, "तुमचा देव आमच्या हेडमास्तरासारखा. छडी उगारणार फार, मारणार कमी."

एकदा अपराधाच्या अर्पणाचा नियम वाचला. ज्यानं शेजाऱ्याला फसवलं, त्यानं आधी शेजाऱ्याचं जे असेल ते भरून द्यावं, वर पाचवा हिस्सा जास्त द्यावा, आणि मगच मेंढा घेऊन वेदीपाशी जावं. मग त्याला क्षमा होते. मास्तरांनी तो भाग पुन्हा वाचायला लावला. "हा नियम सरी आहे, अगदी बरोबर," ते म्हणाले. "आधी शेजारी, मागून देव. मधला रस्ता नाही."

तेव्हा मला खोकला सुरू झालेला होता. एसीची धूळ असेल म्हणून मी खोकल्याचं औषध प्यायचो. संध्याकाळी अंग कोमट व्हायचं, रात्री घाम यायचा, पँट कमरेला सैल झाली होती. तरी वाचायचो. मोठ्यानं वाचताना खोकला यायचा, पाणी प्यायचो, पुढे वाचायचो. समोर हातभर अंतरावर मधुमेह असलेला म्हातारा माणूस.

मग नाव का सांगितलं नाही? लाज वाटली. इमारतीत बोभाटा होईल, घरमालक घर सोडायला सांगेल, वत्सला दार उघडणार नाही, आणि माझ्या शनिवारच्या संध्याकाळी जातील. मी खाली निरोप पाठवला की कावीळ झाली आहे. रिबेकाची तपासणी झाली, सहकाऱ्याची झाली. दोघंही निरोगी निघाले. मी देवाचे आभार मानले आणि उरलेल्या नावाचा विचार बाजूला सारला.

गोळ्या सुरू झाल्या. पहिल्यांदा लघवी नारिंगी झाली तेव्हा घाबरलो. औषधानं तसं होतं, असं नर्सनं सांगितलं. मळमळ व्हायची, तोंडाला चव नसायची. पण काही आठवड्यांत ताप गेला, भूक आली. आता माझ्यापासून धोका नाही, असं डॉक्टरबाई म्हणाल्या तेव्हा मी पुन्हा मास्तरांकडे वाचायला जाऊ लागलो. मनाला समजावलं, आता सांगून काय उपयोग? धोका टळला. धोका आधीच होऊन गेला होता, हे मला कळत होतं.

कत्तरीच्या, म्हणजे मे महिन्यातल्या ऐन कडक, उन्हात मास्तर आजारी पडले. बारीक ताप, जेवण नको, चालताना धाप. आधी उन्हाळा म्हणून सोडून दिलं, मग साखर वाढली म्हणून. मग एक दिवस श्वास पुरेना आणि वत्सलानं त्यांना रुग्णालयात नेलं. प्ल्युरल इफ्युजन निघालं, म्हणजे फुफ्फुसाच्या आवरणात पाणी साचलं होतं. न्यूमोनियामुळे असेल असं धरून अँटिबायोटिक्स चालू होती. ताप उतरत नव्हता.

मी आणि वत्सला वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसायचो. समोरच्या टीव्हीवर आवाज बंद करून तमिळ मालिका चालायची. "अण्णा, डॉक्टरला काही कळत नाही असं वाटतं," ती म्हणाली. मला सगळं कळत होतं, आणि मी बाकावर बसून होतो.

शेवटी उठलो. डॉक्टर राउंड संपवून निघाले होते. त्यांना कॉरिडॉरच्या टोकाला गाठलं आणि सांगितलं: मला टीबी होता, मी यांच्यासमोर बसून तासन् तास वाचायचो, टीबीची तपासणी करा.

ते माझ्याकडे वळले. "हे तुम्ही आज सांगताय?"

मी माझ्या आजाराच्या तारखा सांगितल्या.

पाठीतून सुईनं पाणी काढलं, तपासायला पाठवलं. क्षयच होता. मी डॉक्टरांना विचारलं, माझ्यामुळेच का? ते म्हणाले, "कोणाकडून आला ते छातीठोकपणे सांगता येणार नाही. त्यांच्या शरीरात जुना दबलेला जंतूही असू शकतो. पण तुम्ही वेळेवर सांगितलं असतं तर आम्ही त्यांना तपासलं असतं, गरज पडली असती तर आधीच औषध दिलं असतं. ही वेळ बहुधा आली नसती." पहिलं वाक्य मला सुटकेसाठी पुरलं असतं. शेवटच्यानं ती वाट बंद केली.

औषधं लागू पडली. मास्तर उठून बसले. "पाठीला नळ लावला होता मज," ते मला म्हणाले. "पाण्याच्या लॉरीपेक्षा जास्त पाणी निघालं. आमच्या गल्लीस पुरलं असतं."

डॉक्टरांना सांगण्यापेक्षा अवघड गोष्ट पुढे झाली. डॉक्टरांनी माझा आजार घरच्यांना सांगितला नाही. टीबीची तपासणी मी सुचवली, एवढंच वत्सलाला कळलं. मास्तर घरी आले त्या दिवशी ती आमच्याकडे जिलेबी घेऊन आली. "अण्णा, तुम्ही सुचवलं नसतं तर अप्पा..." इमारतीत मी अचानक हुशार आणि देवमाणूस झालो. वॉचमन उठून नमस्कार करू लागला. जिलेबी मी तोंडाला लावली नाही. रिबेका सगळं जाणून होती. डबा परत करताना ती एवढंच म्हणाली, "रिकामा कसा देऊ? काहीतरी टाकावं लागेल ना त्यात."

आमचा मोठा उपास येतो, त्याला आम्ही दार फाळणीचा सण म्हणतो. फाळणं म्हणजे लावून घेणं. पांढरे कपडे घालून, दार लावून घरात बसायचं, अन्नपाणी सोडायचं आणि वर्षभराच्या पापांची क्षमा मागायची. लहानपणापासून मी ते मनापासून करत आलो. देव राग कायम धरत नाही, पापं समुद्राच्या तळाशी टाकतो, हे आठवून मला दरवर्षी हलकं वाटायचं. माझे वडील मात्र दार लावण्याआधी दुपारभर वाडीत फिरायचे. यहुदी असो की हिंदू, प्रत्येक दारात उभं राहून हात जोडायचे. मला ते उगाच वाटायचं. क्षमा देणारा देव, तर लोकांच्या दारात कशाला?

या वर्षी दुपारीच पांढरा सदरा घातला आणि दाराशी थांबलो. रिबेका म्हणाली, "देवाला घाई नाही. तू खाली जाऊन ये."

मला मिळालेलं आधी मोजतो, कारण ते खूप आहे. माझं फुफ्फुस साफ झालं. मास्तर जिन्यापर्यंत चालतात, त्यांच्या गोळ्या संपत आल्या आहेत. त्या दुपारी मी खाली जाऊन जे बोललो ते ऐकून वत्सला उठून आत गेली, आणि अजूनही ती माझ्याशी मोजकंच बोलते. तो तिचा हक्क आहे. मास्तर म्हणाले, "शनिवारी या. पण खिडकी उघडी ठेवून वाचूं." आता डास चावतात आणि मी वाचतो. वाचणाऱ्यांनो, तुम्हाला कोणी विचारलं तर सगळी नावं सांगा. ज्याच्यासमोर लाज वाटते, त्याचं सगळ्यात आधी.

त्या दुपारी त्यांच्या उघड्या दारात उभा राहून मी एवढंच म्हणालो होतो:

"सर, वत्सलालाही बोलवा. मला कावीळ झाली नव्हती, टीबी झाला होता. माझ्याबरोबर कोण बसतं असं डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा मी तुमचं नाव लपवलं. तुम्ही माझ्यामुळे इतके दिवस तापात पडून राहिलात. जिलेबी मी खाल्ली नाही, ती माझी नव्हती. देवाकडे जायच्या आधी तुमच्याकडे आलो आहे. मला माफ करा."