ज्वारीतून वर आलेला हात

सोलापूरहून मंगळवेढ्याला निघालेल्या एसटीत मी मांडीवर लॅपटॉप घेऊन एकटीच खुदुखुदु हसत होते. मातीतला ओलावा मोजणाऱ्या बिनतारी सेन्सरांचं माझं मॉडेल पहिल्यांदाच बिनचूक चाललं होतं. पडद्यावरच्या रानात चाळीस हिरवे ठिपके एकमेकांना निरोप देत होते आणि एकही निरोप हरवत नव्हता. उद्या हेच सेन्सर खऱ्या शेतात रोवायचे होते.

शेजारच्या मावशी पदराने चष्मा पुसून पुसून बघत होत्या. मला राहवेना, मी त्यांना सगळं सांगून टाकलं. त्यांनी पडद्यावर बोट टेकवलं.

"ह्ये रान हाय न्हवं? मग ज्वारी कुटं हाय?"

माझं रान बोडकं होतं.

"अगं, ज्वारी डोक्यावर गेली की धा पावलांवरचा नवरा ओ देत न्हाय. ह्ये बारकं ठिपकं काय देत्यात?"

मी घाईघाईने मॉडेलमध्ये पुरुषभर उंच पीक उभं केलं. ठिपके पटापट लाल झाले. मावशी टाळी वाजवून हसल्या आणि नवल म्हणजे मीही हसत सुटले, पार कंडक्टर वळून बघेपर्यंत.

फाट्यावर उतरून त्या सरळ ज्वारीत शिरल्या आणि दिसेनाशा झाल्या. मग कणसांच्या वर पिशवी धरलेला एक हात आला आणि मला टाटा करू लागला.

"अँटेना कणसांच्या वर काढायची!" मी भर एसटीत ओरडले.

त्यांचं नाव विचारायचं राहिलंच. पण सेन्सर रोवलेल्या शेतात आता अँटेना बांधलेल्या चाळीस उंच काठ्या वाऱ्यावर हलतात, आणि मला वाटतं, चाळीस मावश्या हात करतायत.