मंडळावर उपचार करणाऱ्या सुमेधाताई

डॉ. सुमेधा करंबेळकर यांची आणि माझी पहिली भेट मिशिगनमधल्या ट्रॉय गावात, आपल्या मराठी मंडळाच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवात झाली. मी लग्न होऊन नुकतीच इथे आले होते. बाहेर बर्फ, आत शाळेच्या हॉलच्या हीटरचा घरघराट, आणि प्रत्येक बाई मला तेच विचारत होती, "मिस्टर कुठल्या कंपनीत?" मी उत्तर देऊन देऊन कंटाळले होते. तेवढ्यात पांढरे केस अगदी बारीक कापलेल्या एक बाई हातावर तिळगूळ ठेवत म्हणाल्या, "तुम्ही काय शिकलात? आणि ते काम आवडतं का?"

मी म्हटलं, "समाजकार्य. आवडायचं. इथे काय करणार?"

"इथे माणसं राहत नाहीत का?" असं म्हणून त्या पुढच्या बाईकडे वळल्याही. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. इथल्या समाजकार्याच्या परवान्याच्या परीक्षेची पुस्तकं त्यांनी आधीच कुणाकडून तरी मागवून ठेवली होती. मला अभ्यास करायचा आहे की नाही, हे विचारायचं मात्र राहून गेलं होतं. ताईंचं हे असंच आहे. समोरच्याचा होकार त्या बऱ्याचदा गृहीत धरतात. रुग्णांच्या बाबतीत मात्र चुकूनही नाही.

ताई मानसोपचारतज्ज्ञ. आयुष्यभर त्यांनी प्रामुख्याने लैंगिक अत्याचार सोसलेल्या बायकांबरोबर काम केलं. पुढे काही वर्षं मी त्यांच्याच दवाखान्यात समुपदेशक होते. त्यांच्या खोलीत सगळ्या खुर्च्या सारख्या होत्या. येणारी व्यक्ती आधी बसायची, मग उरलेल्या खुर्चीवर ताई. दाराची वाट कधी अडवायची नाही, हा नियम. कुणी रडायला लागलं तर त्या कागदी रुमालांचा खोका पुढे सरकवत नसत. "खोका पुढे केला की माणसाला वाटतं, आता आवरा," असं त्या आम्हांला सांगत. आणि त्यांचा पहिला प्रश्न घटनेबद्दल कधीच नसे. "आज जेवलीस का?" असं त्या विचारत, आणि लगेच, "कुणाबरोबर?"

हे 'कुणाबरोबर' मला सुरुवातीला नुसता जिव्हाळा वाटायचा. तो त्यांच्या निदानाचा भाग होता हे कळायला वेळ लागला. ताईंचं म्हणणं साधं होतं. झालेली जखम एका दिवसाची असते. ती भरते की चिघळते हे पुष्कळदा नंतरची माणसं ठरवतात. आई काय बोलली, मैत्रिणीने फोन उचलला की नाही, पार्टीत आपण आल्यावर गप्पा थांबल्या का. "आठवड्यातला एक तास ती माझ्याकडे असते. बाकी सगळा वेळ ती तिच्या माणसांत असते. औषध मी देणार आणि वारा तिथला लागणार," असं त्या म्हणायच्या.

हे त्यांनी प्रत्यक्षात कसं केलं, ते एका मुलीच्या निमित्ताने मी जवळून पाहिलं. तिची परवानगी घेऊन लिहिते आहे. नाव लिहीत नाही.

ती पदव्युत्तर शिक्षण संपवून इथल्या एका कंपनीत नोकरीला लागली होती. हसरी, मोठ्याने बोलणारी, आणि उकडीचे मोदक असे करायची की काकवांनी तोंडात बोटं घालावीत. गणपतीचा प्रसाद तिच्याकडे असायचा. तिच्यावर अत्याचार केला तो मंडळाच्याच नाटकात काम करणाऱ्या एकाने. सगळ्यांच्या घरी येणारा-जाणारा, सगळ्यांना सामान उचलू लागणारा. तिने पोलिसांत तक्रार केली आणि आठवड्याभरात आपल्या सगळ्यांना कळलं.

ती आधी ताईंकडेच आली. ताईंनी तिला सांगितलं, "तुझ्यावर मी उपचार करणार नाही. आपण एकाच मंडळात आहोत, उद्या हॉलमध्ये मला बघून तुला अवघडल्यासारखं होईल. माझी एक चांगली सहकारी आहे, तिच्याकडे जा." मी बाहेर उभी होते. ती गेल्यावर मी विचारलं, "मग आपण काय करायचं?"

ताई म्हणाल्या, "मी मंडळावर उपचार करते."

तेव्हा मला हसू आलं होतं. पण मंडळाला उपचारांची गरज होती हे खरंच. लोक वाईट वागत होते असं मुळीच नाही. उलट फार चांगले वागत होते. तिला दगदग नको म्हणून प्रसादाच्या गटातून तिचं नाव काढलं. तिला कुणी काही विचारेल म्हणून हळदीकुंकवाचं बोलावणं केलं नाही. आणि डबे! ती कामावरून यायच्या आत तिच्या अपार्टमेंटच्या दाराशी कुणीतरी डबा ठेवून जायचं. वरण-भात, पिठलं, भाजी-पोळी. घंटा वाजवायची नाही, तिला त्रास नको.

एका शनिवारी ताई आणि मी तिच्याकडे गेलो. ओट्यावर, फ्रिजवर, खिडकीत, सगळीकडे घासून पुसून ठेवलेले रिकामे डबे. ताईंनी विचारलं, "हे परत का नाही केलेस गं?"

"रिकामे कसे देऊ?" ती म्हणाली. "आई म्हणते, कुणाचा डबा रिकामा परत करायचा नाही. आणि मला ओट्याशी उभंच राहवत नाही ताई. कुकरची शिट्टी झाली तरी दचकते." मग म्हणाली, "सगळे इतके नाइस आहेत यार, मला ओरडताही येत नाही. आमच्याकडे कुणी गेलं की शेजारचे असंच पिठलं-भात पाठवतात. दारातूनच. मला वाटतं, मीच गेलेय आणि हे सगळे माझं सुतक पाळतायत."

ताईंनी ओट्यावरचा एक डबा उघडून पाहिला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी त्या एकाच दिवशी पाहिलं. मग त्या म्हणाल्या, "साखर आहे का घरात?"

साखर होती. "प्रत्येक डब्यात चिमूटभर घाल. साखर घातली की डबा रिकामा नाही. तुझी आईसुद्धा हेच सांगेल. यायचंय का तुला माझ्याबरोबर? नको असेल तर आज नको."

तिने सगळ्या डब्यांकडे पाहिलं. "वसुधाकाकूंकडे चालेल. फक्त तिथे," ती म्हणाली.

ताईंनी गाडीत बसण्याआधी वसुधाकाकूंना फोन केला. आमच्या मंडळाच्या त्या वेळच्या अध्यक्ष त्या. फोनवरचं ताईंचं बोलणं मला अजून ऐकू येतं. "ती येतेय. आत बोलव. चहा टाक. काय झालं ते विचारायचं नाही, पण ती कोण आहे ते विसरायचं नाही."

वसुधाकाकूंनी दार उघडलं आणि तिला बघून त्यांचा चेहरा रडवेला झाला. ताई मागून म्हणाल्या, "वसुधा, रडायचं असेल तर संध्याकाळी माझ्याकडे येऊन रड. आत्ता चहा." काकू डोळे पुसत आत गेल्या. चहा उकळत होता, काकू गॅसपाशीच उभ्या होत्या. शेवटी काकूंनी पाठमोऱ्याच विचारलं, "काय गं, माझी उकड दर वेळी चिरते. तुझी कशी नाही चिरत?"

"तुम्ही गार होऊ देता काकू. गरम असतानाच मळायची. हात भाजतो थोडा."

"भाजतो ना! म्हणूनच तर."

आणि ती हसली. छोटंसं, पण आवाज करून. मग ती तिथे तासभर बसली. परत निघताना काकूंनी तिच्याच हातात दुसरा डबा दिला. "हा न्यायला या," असं म्हणाली ती. काकू म्हणाल्या, "येतेच. तू घरी असशील तेव्हा." पुढच्या शनिवारी ती आपण होऊन दुसऱ्या घरी गेली. डबे संपायला दोन-तीन महिने लागले. दाराशी डबा ठेवून जाणं बंद झालं. लोक घंटा वाजवायला लागले, आत बसायला लागले, आणि ज्या दिवशी तिला कुणी नको असेल त्या दिवशी "आज नको" हे ऐकून न रागावता परत जायलाही शिकले. हे शेवटचं आपल्या लोकांना सगळ्यांत जड गेलं!

तिची आई सोलापूरला. "कुणाला सांगू नकोस," एवढं एकच ती व्हिडिओवर म्हणत राही. ताईंनी मुलीला विचारून त्या माउलीशी बोलणं सुरू केलं. कसलाही उपदेश नाही. आमटीच्या, गुडघ्यांच्या गप्पा. एक दिवस ताई म्हणाल्या, "तिला एकदा म्हणून बघा, सांगितलंस ते बरं केलंस." आईने ते म्हटलं. त्या रविवारी मुलगी प्रथमच ओट्याशी उभी राहिली आणि तिने खिचडी टाकली. ताईंच्या खिचडीपेक्षा नक्कीच बरी झाली असणार. ताईंची साबुदाण्याची खिचडी ज्यांनी खाल्ली आहे त्यांना मी काय म्हणते ते कळेल. ती वाढायला चमचा नाही, कात्री लागते.

मग गणपती जवळ आले आणि खरी कसोटी आली. समितीची बैठक वसुधाकाकूंच्याच तळघरात होती. कुणीतरी तोडगा काढला की या वर्षी दोघांनाही येऊ नका म्हणावं. म्हणजे कुणावर अन्याय नको. बऱ्याच माना डोलल्या. ताई उठल्या. त्या बोलताना आवाज चढवत नाहीत, उलट खाली आणतात, त्यामुळे सगळ्यांना पुढे झुकून ऐकावं लागतं.

"त्याचा एक सण जाईल. तिचं इथे दुसरं काय आहे?"

आमच्यातले एक ज्येष्ठ डॉक्टरकाका म्हणाले, "सुमेधा, आपण काही न्यायाधीश नाही."

"नाही ना? मग तिला घरी बसवायची शिक्षा कुठल्या अधिकारात देताय? कोर्ट त्याचं काय ते करेल. आपण एवढंच ठरवायचंय, की आपल्या हॉलमध्ये कुणाला दाराकडे बघत बसावं लागू नये."

मतं घेतली गेली. केसचा निकाल लागेपर्यंत त्याने यायचं नाही, आणि प्रसाद तिला हवा असेल तर तिच्याकडेच, असं ठरलं. एकमताने नाही. दोन कुटुंबं मंडळ सोडून गेली. त्यांतल्या एका घरातली बाई ताईंची इथली सगळ्यांत जुनी मैत्रीण होती. ताई दर दिवाळीला त्यांना फोन करतात. तो उचलला जात नाही. ताईंच्या या गौरवग्रंथात हे लिहू नये असं मला एकाने सुचवलं, पण ताईंच्या कामाची किंमत कुणी मोजली हे लिहायचं नाही तर मग काय लिहायचं?

त्या गणपतीला ती आली. मोदक केले. आरतीला अर्ध्यातून बाहेर गेली, कारण गर्दी सहन झाली नाही. बर्फ नसतानाही, हिवाळ्यातल्यासारखी गाडी सुरू ठेवून श्रीकांतकाका, म्हणजे ताईंचे यजमान, पार्किंगमध्ये बसलेच होते. कुणाला मधेच निघावंसं वाटलं तर गाडी तयार हवी, ही ताईंची आज्ञा. ती थोडा वेळ गाडीत बसली. काकांनी तिला एकही प्रश्न विचारला नाही, फक्त रेडिओचा आवाज कमी केला. मग ती परत आत आली आणि पंगतीत वाढायला लागली. केसचं पुढे काय झालं ते मी लिहिणार नाही. ते तिचं आहे.

आज ती नोकरी करते, घर घेण्याचा विचार करते आहे, आणि नव्या मुली मंडळात आल्या की पहिल्यांदा तीच जाऊन विचारते, "जेवलीस का?" अजूनही काही दिवस तिला वाईट जातात. ताई म्हणतात, जातीलच. त्या दिवशी एकटं जेवायचं नाही, एवढंच.

हा लेख तिला वाचून दाखवला. ती म्हणाली, "मेघनाताई, छाप. माझं नाव नको. लाज वाटते म्हणून नाही गं. मला त्या एका गोष्टीवरून कुणी ओळखायला नको, दॅट्स ऑल." आणि मग म्हणाली, "पण ओवाळायला मी उभी राहणार."

तर मंडळींनो, ताईंच्या पंचाहत्तरीच्या कार्यक्रमात आपल्या बायका-मुली त्यांना ओवाळतील. हॉलवाले खरी निरांजनं लावू देत नाहीत म्हणून तबकात बॅटरीचे दिवे असतील, आणि नेहमीप्रमाणे कुणाचा तरी लागणार नाही. पदर सावरत, एकमेकींवर ओरडत त्या ओळीत उभ्या राहतील. त्यांत ती असेल. कोणती, हे तुमच्यातल्या नव्यांना कळणार नाही; कृपा करून शोधू नका, आणि जुन्यांनो, दाखवू नका. ती आपल्यातली एक म्हणून तिथे उभी राहावी, एवढ्यासाठीच ताईंनी हा सगळा खटाटोप केला.

ताई, तुम्हांला मात्र ती दिसेल. तुम्ही खूप खूप जगा, गुडघ्यांची कुरकुर न होता जगा, आणि कधी एकट्या जेवू नका. ही इच्छा आधी तिची आहे. आम्ही सगळे तिच्या मागे उभे आहोत.