ऐरणीवर फुटलेला दगड

रनाळ्याकडच्या त्या चोरीत एक निर्दोष माणूस कोठडीत जाता जाता राहिला, म्हणून ती घटना माझ्या मनातून आजही जात नाही.

मी मूळचा कोकणातला. शाळा आठवीत सुटली. शिपाई म्हणून भरती झालो आणि सहायक फौजदार होऊन इकडे नंदुरबारला आलो. कागदात आपली चूक निघेल, ही धास्ती कायम असायची.

दोन चुलतभावांनी शेजारी शेजारी विहिरी खोदल्या. थोरल्याला पाणी लागलं, शिवाय खडकाच्या पोकळीत काचेसारखा स्वच्छ दगड सापडला. हिरा सापडला म्हणून गावभर बोभाटा झाला. त्याने तो देव्हाऱ्यात ठेवला आणि तिथूनच तो चोरीला गेला.

फिर्याद घेतली त्याच दुपारी धाकटा ठाण्यात आला. विहिरीवरच्या मजुराला घरात शिरताना पाहिलं, असं हळूच सांगून गेला. मजूर चिंचपाड्याकडचा आदिवासी. त्याला ठाण्यात आणून बसवलं. देव्हाऱ्यापर्यंत मला कोण जाऊ देतं साहेब, एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. दुसऱ्या दिवशी रीतसर जबाब द्यायला धाकटा आला. मी मजुराच्या अटकेचा कागद लिहायला घेतला होता.

जबाब देऊन धाकटा उंबऱ्यात थांबला. "साहेब, खरा हिरा घणखाले फुटत नही ना?"

माझा पेन थांबला. चोराची खबर देणारा दगडाची चौकशी कशाला करतो? पंच घेऊन त्याचं घर गाठलं. गोठ्यातल्या ऐरणीभोवती पारदर्शक तुकडे पडले होते, सगळे एका बाजूला कललेल्या डबीच्या आकाराचे. थोरल्याकडे त्याच पोकळीतला एक खडा उरला होता. कॉलेजातल्या एका प्राध्यापकांनी दोन्ही तपासले, मला न हसता समजावलं, त्यांचे उपकार. त्यांनी काचेवर ओरखडा उठला नाही, आम्लाच्या थेंबाने त्यांच्यावर फेस आला. म्हणजे गारगोटीही नाही, हिरा तर नाहीच. कॅल्साइट, चुनखडीच्या जातीचा साधा खडा. आणि घणाखाली हिराही फुटू शकतो, हे मला तेव्हाच कळलं.

"पानी बी त्यालेच, हिरा बी त्यालेच," चौकशीत धाकटा म्हणाला. "मन्ही विहीरमा नुसता काया फत्तर. खरा शे का, तेवढंच पाहनं व्हतं."

मजुराला लगेच सोडलं. चहा मागवलेला होता, पण तो थांबला नाही.

हिरा नव्हता, हे धाकट्याला सांगितलं. वाटलं, एवढ्यासाठी गुन्हा अंगावर घेतला म्हणून रडेल. उलट त्याचा चेहरा उजळला.

"म्हंजे त्याले काहीच नही भेटनं," तो म्हणाला आणि भिंतीला टेकून निवांत बसला.

त्यानंतर कुठलीही चोरी तपासताना माल कुणाला हवा होता, हे मी नंतर विचारायचो. तो त्या घरात असणं कुणाला सोसत नव्हतं, हे आधी.