विमानतळावरचा मुजरा

लंडनच्या विमानतळावर, शेकडो माणसांच्या गर्दीत, सरदारानं माझ्या तोंडात मारली. उलट्या हाताची. अंगठीनं ओठ फाटला. रक्त फॉर्मवर पडलं.

मी तेव्हा एकोणीस वर्षांची. आमचं बिऱ्हाड ग्वाल्हेरात, लष्कर भागातल्या खासगी बाजार पेठेत, सरदाराच्या हवेलीमागच्या खोल्यांत. आजा त्यांचा शिलेदार, बाप त्यांच्या पागेत. मला सातवीपर्यंत, इंग्रजीसकट, शिकवलं ते सरदाराच्या बायकोची, बाईसाहेबांची, पत्रं लिहायला. त्यांच्या ऑपरेशनसाठी विलायतेला निघाले तेव्हा मलाही नेलं. पाय चेपायला आणि लिहायला. सरदार स्वतः लिहीत नसे. लिहिणं कारकुनाचं काम. तो फक्त सही करायचा, किताबासकट, लांबलचक.

आम्ही तिकडे असतानाच ग्वाल्हेर राज्य मध्यभारतात विलीन झालं. घरून पत्र आलं. मीच वाचून दाखवलं. सरदारानं ते फाडून विस्तवात टाकलं.

परतीच्या दिवशी धुकं. विमानं अडकलेली. माणसं सामानावर बसलेली, रांग दाराबाहेर गेलेली. तीन तास उभं राहून टेबल जवळ आलं तेव्हा कळलं, आधी फॉर्म भरायचे. देश कोणता? पासपोर्टावर भारत होतं.

"ग्वाल्हेर दरबार लिही," सरदार म्हणाला.

"सरकार, पासपोर्टावर तर..."

"ज्यादा अकल मत लगा. लिही."

तिन्ही फॉर्मवर लिहिलं. गोऱ्या अधिकाऱ्यानं यादीवरून बोट फिरवलं आणि विचारलं, हा देश आहे कुठे? मागची माणसं हसली. सरदारानं माझ्याकडे हात केला. इंग्रजीत म्हणाला, मोलकरीण आहे, अडाणी आहे, हिची चूक. मग ती थप्पड. अधिकाऱ्यानं मान फिरवली.

"माफी माग. मुजरा कर."

मी केला. हे लपवणार नाही. मुजरा तीनदा करायचा असतो. एकदा वाकले. रक्त फरशीवर ठिबकलं. दुसऱ्यांदा थबकले तर त्यानं वेणी धरून डोकं खाली दाबलं.

बाईसाहेब ट्रंकेवर बसल्या होत्या. "कर की गं पटकन," म्हणाल्या. "विमान निघून जाईल."

खाली माझा फॉर्म पडला होता. ग्वाल्हेर दरबार. सुबक अक्षर. माझंच. जे राज्य उरलं नव्हतं ते मी माझ्या हातानं जिवंत ठेवत होते, आणि तेच माझं डोकं दाबत होतं.

मी त्याच्या मनगटात दात रोवले. हाड लागेपर्यंत. वेणी सुटली. त्यानं पुन्हा हात उगारला, तेव्हा अंगठीचं बोट धरलं आणि मागे वाकवलं. सरदार गुडघ्यावर आला.

"इथेच सोडून जाईन तुला," तो कण्हत म्हणाला. "भीक मागशील."

माझा पासपोर्ट टेबलावर होता. मी कोरा फॉर्म उचलला. देश: भारत. कुणाला न विचारता लिहिलेला माझा पहिला शब्द. अधिकाऱ्यानं शिक्का मारला.

मागून सरदाराचा आवाज आला, एकदम मऊ. "आमचेही भर ना. बाईसाहेबांची तब्येत पाहतेस ना?"

"पेन तिथं आहे," मी म्हटलं. "तुम्ही लिहा."

दारातून वळून पाहिलं. सरदार लिहीत होता. टेबल बुटकं होतं. वाकावं लागत होतं.

लष्करला पोचलो त्याच आठवड्यात सरदारानं आमची भांडी रस्त्यावर फेकली. बापाला पागेतल्या चाबकानं मारलं. आम्ही हजीऱ्याला, गिरणीच्या वस्तीत, आलो. मी गिरणीत लागले, मग युनियनची पत्रकं लिहू लागले.

आता, आठ वर्षांनी, मध्यभारतही मोडतोय. राजधानी भोपाळला चाललीय. सरदार ग्वाल्हेरच्या इज्जतीसाठी अर्ज काढतोय, खादी घालून सह्या मागतोय. काल त्याचा माणूस माझ्या दारात आला. "ताई, सरकारने याद किया है. अर्ज तुमच्याच अक्षरात पाहिजे म्हणाले."

कुणाची इज्जत? माझ्या ओठावरचा व्रण अजून आहे.

त्याला परत पाठवलं आणि हे लिहायला बसले. हे छापून उद्या गिरणीच्या फाटकावर वाटणार. पहिली प्रत हवेलीत मी स्वतः नेणार, पुढच्या दारानं. मान ताठ ठेवून त्याच्या हातात देणार. तेव्हा बोट वाकवून सोडलं होतं. हात उगारला तर या वेळी मोडेन.