शोभेची चिन्हे

आयविन ब्रेक्के नावं द्यायचा आणि राग्नफ्रीड ब्योर्नो त्याला नावं ठेवायची. ट्रॉन्डहाइमच्या त्या कंपनीत अकरा वर्षं हेच चाललं होतं. कंपनी स्वतःची प्रोग्रामिंगची भाषा बनवत होती. संगणकाने कोणत्या चिन्हाला अक्षर म्हणायचं, कोणत्याला अंक, कोणत्याला विराम, हे ठरवणं ब्रेक्केकडे. दोन दिवसांचं काम. त्याने त्यावर समिती बसवली, चौदा वर्ग पाडले आणि रिकाम्या जागेचे तीन पोटभेद केल्यावर महिनाभर छाती फुगवून हिंडला. ती यादी प्रोग्राममध्ये उतरवायची राग्नफ्रीडने.

१९८३च्या यादीत आपल्या नॉर्वेजियन वर्णमालेतली शेवटची तीन अक्षरं तिला अक्षरांत सापडेनात. ती 'शोभेची चिन्हे' या वर्गात होती.

"आयविन, माझ्या आडनावात तिरपी रेघ मारलेला ओ दोनदा येतो. तो काय शोभेला आहे?"

"अगं, बाहेरच्या जगात अक्षरं सव्वीसच. आपण गावंढळ दिसायला नको."

"तुझ्या नावात यातलं एकही नाही, म्हणून सुचतंय तुला हे."

"समितीनं ठरवलंय."

समिती म्हणजे तो आणि त्याच्या होला हो करणारे दोघे. कीव करावी एवढीही त्यांची लायकी नव्हती. तिने लेखी हरकत नोंदवली आणि यादी जशीच्या तशी उतरवली.

मार्चमध्ये बोडोहून मासेविक्री संघाची माणसं प्रात्यक्षिक बघायला आली. प्रोग्राम अक्षरं असतील तिथवरच शब्द वाचायचा. शेवटच्या, रेघ मारलेल्या ओपाशी तो अडला आणि पडद्यावर त्यांचं गाव उमटलं: 'बोड'. म्हणजे नॉर्वेजियनमध्ये अडगळीची खोली.

"आम्ही अडगळीतून आलोय काय?" संघाचे म्हातारे अध्यक्ष कुलसेट उठले. "मग चाललो अडगळीत परत."

ब्रेक्केला घाम फुटला. "नवा वर्ग काढू," तो पुटपुटला. "अक्षरसदृश चिन्हे."

"तू गप्प बस," राग्नफ्रीड म्हणाली. तिने तिन्ही चिन्हं अक्षरांत टाकली, धावत जिन्यात गेली आणि पाहुण्यांना परत आणलं. गावाचं नाव पूर्ण दिसलं तेव्हा कुठे कुलसेट खुर्चीत टेकले.

करार झाला. 'समितीने दूरदृष्टीने वर्गीकरण सुधारले,' असा अहवाल ब्रेक्केने लिहिला आणि बढती घेतली. राग्नफ्रीडने तो वाचून राजीनामा दिला. कुलसेटांनी तिला बोडोला नोकरीला बोलावलंच होतं. निरोपाला ब्रेक्के केक कापून भाषणाला उभा राहिला. त्याचं पहिलं वाक्य संपायच्या आत ती कोट चढवून बाहेर पडली होती.