पट्ट्यावरचा काप

हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. बायकोजवळसुद्धा नाही. दुकानात दिवसभर माझं तोंड चालू असतं — न्हावी मुका असला तर गिऱ्हाईक झोपेल! — पण गोष्ट बाबांवर आली की मी विषय बदलतो.

मेडशीत स्टँडजवळ आमचं दुकान आहे, बाबांनी उभं केलेलं. अर्धी ब्लेड घालायचे वस्तरे कधीच आले होते. तरी बाबांची जुनी गिऱ्हाइकं चामड्याच्या पट्ट्यावर घासलेल्या वस्तऱ्यानंच दाढी करून घेत. दुपारी कुणी नसलं की बाबा तो पट्टा मांडीवर घेत. ओलसर फडक्यानं पुसत, थोडं तेल लावत, मग तळहातानं चोळत राहत... चोळतच राहत. बाहेर मळणीतलं सोयाबीनचं कुटार भुशासारखं उडे, दारातल्या उन्हात धूळ तरंगे, आणि मला बसल्या जागी डुलकी लागे. किती सुखाचं होतं ते! मग मला का सलत होतं?

खुर्ची त्यांची होती म्हणून. मी दोन लेकरांचा बाप, आणि गिऱ्हाईक म्हणे, "तू राहू दे, बुढ्याले येऊ दे."

एकदा बाबा जेवायला घरी गेले होते. मी पट्टा ताणला आणि ऐटीत वस्तरा घासू लागलो. प्रत्येक फेरीला वस्तरा पाठीवर उलटून मग परत आणायचा, नाहीतर धार चामड्यात शिरते — हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण मी आरशात बघत होतो ना, स्वतःला! चामड्याची एक जीभ उचलली गेली. मी ती अंगठ्यानं दाबली आणि पट्टा होता तिथं टांगला.

संध्याकाळी बाबांना काप दिसला. मी सांगणारच होतो — खरंच होतो का? — तेवढ्यात तेच म्हणाले, "माह्याच हातानं झालं वाट्टे. मालूमबी नाही पडलं मले."

एक शब्द पुरला असता. मी म्हणालो, "होते असं, बाबा. वय झालं आता तुमचं."

दुसऱ्या दिवशी त्यांनी पंक्चरवाल्याकडून सोल्यूशन आणलं. काप चिकटवला, वर दगड ठेवून सुकवला, काचकागदानं घासून सारखा केला, तेल चोळलं. बोटालाही लागेना असा. मग पट्टा माझ्याकडे दिला.

"आता तूच कर. एखाद्याच्या गळ्याले लागलं म्हंजे?"

त्यानंतर त्यांनी वस्तरा धरला नाही. दुकानाबाहेर बाकड्यावर बसून राहत, हात मांडीखाली दाबून. त्यांना स्वतःच्याच हातांची भीती वाटत होती. आणि मी? मी खुर्चीमागे उभा राहून गिऱ्हाइकांना सांगत होतो, बाबांचा हात आता चालत नाही. लाज वाटते मला. तेव्हाही वाटत होती, पण खुर्ची सोडवत नव्हती.

आईला सुईचं नेढं दिसेनासं झालं होतं. ती सुई बाबांकडे द्यायची. ते दाराशी उजेडात धरून एका दमात दोरा ओवत. बोट जरासुद्धा हलत नसे. एकदा ओवून झाल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"सुई तं जमते रे. वस्तऱ्यालेच काहून घात झाला असंन?"

विचारून ते थांबले — मी काही बोलेन म्हणून.

"सुईनं कोणाचा गळा नाही कापत, बाबा," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. त्यांना ते पटलं. बाबा गेले त्या आठवड्यातही आईच्या सुईत दोरा त्यांनीच ओवला होता.