एका कंपनीचे दोन मालक

आमच्या दोघा भावांचं भांडण जमिनीवरून झालं नाही, हे कुंडलमध्ये अजून कुणी खरं मानत नाही. ऊस आहे, विहीर आहे, सामाईक बांध आहे. एवढं सगळं असताना दोन भाऊ कॉम्प्युटरवरच्या ट्रकवरून एकमेकांचं तोंड बघेनासे होतील, हे कुणाच्या डोक्यात शिरत नाही. मी समजावणं सोडून दिलंय.

दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. बारावी झाल्या झाल्या फौजेत गेला आणि तिथं मोठ्या गाड्यांवर ड्रायव्हर झाला. माझा डावा डोळा जन्मापासून अधू. भरतीच्या मैदानात मी पळण्यात पहिल्या दहात आलो आणि मेडिकलला बाद होऊन घरी आलो. ट्रकचं लायसन्सही त्यामुळंच राहिलं. मग गावातल्या दूध संकलन केंद्रावर लागलो. सकाळी काम, संध्याकाळी काम, मधली दुपार मोकळी.

एका सुट्टीत दादानं सांगलीहून कॉम्प्युटर आणला. सोबत टेबलाला आवळून बसवायचं स्टिअरिंग आणि पायाखाली ठेवायचे ब्रेक-एक्सिलेटर. ट्रक चालवायचा गेम होता, सगळे परदेशातले रस्ते. ती सुट्टी त्यानं पुढच्या सोप्यात त्या टेबलापाशीच काढली. वहिनी कुरकुरली, पण आई म्हणाली, खेळू दे, वर्षातनं एकदा येतोय. सुट्टी संपवून तो गेला आणि मशीन माझ्या हाती आलं.

माझा हात काही स्टिअरिंगवर बसला नाही. गाडी मागं घ्यायला गेलो की ट्रेलर भलतीकडंच वळायचा. पण त्या गेममध्ये चालवण्याशिवाय आणखी एक काम असतं, ते मला सापडलं. गॅरेज घ्यायचं, एजन्सीच्या यादीतून ड्रायव्हर नेमायचे, प्रत्येकाला गाडी द्यायची, गाडीमागं कुठला ट्रेलर लावायचा ते ठरवायचं. मग ते आपले आपण माल घेऊन जातात. नवा ड्रायव्हर लांब जातो आणि येताना रिकामा येतो. त्याला नीट ट्रेलर दिला, एकाच प्रकारच्या मालाची सवय लावली, की तो सुधारतो. आयुष्यात माझ्या हाताखाली कधी कुणी नव्हतं. इथं वर्षभरात वीस माणसं झाली.

पहिल्यांदा नेमली ती एक चष्मेवाली बाई. यादीतल्या फोटोवरून पन्नाशीची वाटायची. तिला मी थंड मालाचा ट्रेलर दिला, दूध-मांस नेणारा, आणि चार वर्षं दुसरं काही ओढू दिलं नाही. कंपनीतली सगळ्यात भरवशाची ड्रायव्हर ती झाली. बायकोला मी तिच्याबद्दल सांगायचो आणि बायको म्हणायची, माझ्याबद्दल कवा कुणाला एवढं सांगितलंय का.

दादा सुट्टीवर आला की स्वतःची गाडी चालवायचा, तो गेला की मी माणसं सांभाळायचो. त्याची गाडी गडद हिरवी, पहिल्या दिवसापासूनची. मी तिला हात लावत नसे. रविवारी त्याचा फोन यायचा तेव्हा आधी आईची चौकशी, मग पोरांची, मग कंपनीची. कंपनी दोघांची, असं आम्ही दोघंही म्हणत होतो. आपापल्या मनात मात्र ती ज्याची त्याची एकट्याची होती. हे तो कायमचा घरी आल्यावर उघडं पडलं.

सतरा वर्षांची नोकरी करून तो पेन्शनवर आला. पहिला आठवडा पाहुण्यांत गेला. दुसऱ्या आठवड्यात मी केंद्रावरून घरी आलो तर तो माझ्या माणसांची यादी उघडून बसला होता, तपासणीला आलेल्या साहेबासारखा.

अर्धी माणसं एका शहरात, अर्धी दुसऱ्यात, कुणामागं टाकी, कुणामागं थंड डबा, याला काय शिस्त म्हणायची, असं त्यानं विचारलं. मी सांगितलं की ज्या शहरात जो माल मिळतो त्याप्रमाणे माणूस ठेवलाय. ते त्याला पटलं नाही. त्यानं सगळ्यांना एका गॅरेजात आणलं, टाक्या विकल्या, आणि सगळ्यांना एकसारखे ट्रेलर दिले. दोन दिवसांत निम्म्या गाड्या रिकाम्या यायला लागल्या. मी ते दाखवलं तर म्हणाला, “मला शिकवू नगं. सतरा वर्षं गाड्या बघितल्यात मी.”

“गाड्या बघितल्यास,” मी म्हणालो. “माणसं न्हाईत.”

त्यानं यादीतलं पुढचं नाव उघडलं.

मग सुरू झालं. सकाळी तो बदल करायचा, दुपारी तो रानात गेला की मी ते उलटे करायचो. त्यानं मशीनला पासवर्ड लावला. तो त्याचा फौजेतला नंबर असणार हे मला माहीत होतं, पहिल्या झटक्यात उघडलं. तो खेळत असताना मी बाहेर जाऊन मेन स्विच पाडायचो आणि आत येऊन म्हणायचो, लाईट गेली वाटतं. त्याला कळायचं. एकदा त्यानं माझी दुधाच्या नोंदीची वही उचलून म्हशीच्या गव्हाणीत टाकली आणि वर विचारलं, वही हरवली व्हय? माझं वय तेव्हा एकोणतीस, त्याचं पस्तीस. दोघांच्या बायका आधी हसत होत्या, मग एकमेकींशी बोलायच्या बंद झाल्या. आईला वाटलं जमिनीचं काहीतरी आहे. तिनं मला विचारलं आणि मी काही सांगितलं नाही, कारण खरं सांगायची लाज वाटली.

एका दुपारी मी यादी उघडली तर चष्मेवाल्या बाईची जागा रिकामी होती. एजन्सीच्या यादीत शोधलं, तिथंही ती दिसली नाही. दादा सोप्यातच पेपर वाचत होता. मी विचारलं, हिला काय केलंस. त्यानं पेपर खाली न घेता सांगितलं की पन्नाशीची बाई लांबच्या रस्त्याला कामाची नाही, काढून टाकली.

मी म्हणालो, चार वर्षं तिनं सगळ्यांपेक्षा जास्त काम केलंय.

“फोटो हाय तो,” दादा म्हणाला. “माणूस न्हवं.”

त्याचं खरं होतं. खरं होतं म्हणूनच ते जास्त लागलं. मी चपला घालून केंद्रावर निघून गेलो आणि त्या संध्याकाळी दोन गवळ्यांशी दुधाच्या फॅटवरून विनाकारण भांडलो.

दुसऱ्या दिवशी तो पेन्शनच्या कामासाठी कराडला बँकेत गेला. मी मशीन लावलं आणि त्याची हिरवी गाडी विकली. चार वर्षांत त्यानं तिच्यावर जेवढं अंतर कापलं होतं तो आकडा सहा अंकी होता. पण गाडी विकून भागत नाही, हे मला ठाऊक होतं. गेम आपण आधी कुठवर आलो होतो त्या जागा साठवून ठेवतो, तिथून मागं जाता येतं. बाईही तशी परत आणता आली असती, पण मग त्याची गाडीही परत आली असती. म्हणून मी त्या जुन्या जागा एकेक करून पुसल्या, एकही ठेवली नाही. मी निवांत केलं. मध्ये उठून पाणीसुद्धा प्यालो.

तो दुपारी आला, जेवला, आणि बसला. मी दारातल्या खाटेवर होतो. बराच वेळ माऊसचा आवाज येत राहिला.

“माझी गाडी कुठं हाय?”

“इकली.”

तो मागच्या जागा शोधत होता. त्या नाहीत हे कळल्यावर हात मांडीवर ठेवून बसून राहिला. मग उठला आणि टेबलाला आवळलेलं स्टिअरिंग सोडवायला लागला, आधी एका बाजूचा स्क्रू, मग दुसऱ्या. मला वाटलं, आता माझ्या डोक्यात घालणार. त्यानं ते खाली जमिनीवर ठेवलं, माझ्यापर्यंत आला आणि गळपट्टी धरून मला भिंतीवर आदळलं. कॅलेंडर खिळ्यासकट खाली आलं. आई आतून पळत आली. तिला बघून त्यानं मला सोडलं.

“काय केलंस रं त्येचं?” आईनं मलाच विचारलं. याचा मला त्या वेळी फार राग आला.

तिनं पाटणहून मामाला बोलावून घेतलं. मामा आमच्या घरातला शेवटचा शब्द. तो जमिनीच्या मोजणीवाल्याचा नंबर खिशात घेऊनच आला होता. सोप्यात सगळ्यांना बसवलं. आईनं सांगितलं की धाकट्यानं थोरल्याची गाडी विकली. मामानं गंभीर चेहऱ्यानं विचारलं, गाडी कुणाच्या नावावर होती. तेव्हा मला उलगडून सांगावं लागलं: कॉम्प्युटर, गेम, नेमलेली माणसं, ट्रेलर, सगळं. मामाला आधी कळेना. कळल्यावर तो खोकला येईपर्यंत हसला.

“लाज वाटू द्या रं,” तो म्हणाला. “दोन बाप्ये तुमी. खेळण्यापायी आईला रडवताय.”

दादा खाली बघत होता. मग त्यानं मामाकडं तोंड केलं.

“आवं मामा, फौजेनं माझ्या हातातनं गाडी काढून घेऊन सा वर्सं झाली,” तो म्हणाला. “ह्यातलं हितं कुणाला म्हाईत न्हाई.”

नंतर जे त्यानं सांगितलं ते थोडक्यातच. डोंगरातला रस्ता, गाड्यांची रांग, दादाच्या गाडीचं मागचं चाक घसरलं. शेजारी बसलेला त्याचा सोबती दरीच्या बाजूला होता. तो वाचला नाही. चौकशीत दादाची चूक निघाली नाही, पण त्यानंतर स्टिअरिंग धरलं की त्याची बोटं आखडायची, उघडायची नाहीत. साहेबांनी त्याला स्टोअरला बसवला. सहा वर्षं तो सामान मोजत होता आणि आम्ही गावात सांगत होतो, दादा मोठ्या गाडीवर आहे.

“ते टेबलावरचं घेतलं ते त्येच्यासाठी. म्हणलं, हितं कोण मरायचं न्हाई. हात सुटला तर बघावं.” त्यानं बोटं उघडून परत मिटली. “सुटला हुता. तेवढी एक गाडी मी चालवली सा वर्सांत. ती ह्यानं इकली.”

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिलाही हे पहिल्यांदाच कळत होतं, हे तिच्याकडं बघून समजलं. ती आत वळली.

तेव्हा मी काहीतरी चांगलं बोलायला हवं होतं. साधं ‘चुकलं’ एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं, सगळे त्याचीच वाट बघत होते. माझ्या तोंडून निघालं ते असं:

“मग माझी बाई का काढलीस?”

मामानं माझ्याकडं असं बघितलं की ते बघणं मला अजून विसरता येत नाही. तो रात्री राहणार होता, पण दुपारच्याच एस्टीनं परत गेला. जाताना आईला काय सांगून गेला ते तिनं मला कधी सांगितलं नाही.

महिन्याभरात दादानं कराडजवळच्या मलकापूरला दोन खोल्या बघितल्या आणि बायका-पोरं घेऊन गेला. मशीन नेलं. टेबल आमचं होतं ते ठेवलं. जमीन अजून एकत्रच आहे. त्याचा वाटा तो मागत नाही आणि मी विषय काढत नाही. गावातली माणसं यालाच माझा कावा म्हणतात.

पुढं कळलं की त्यानं जुना टेम्पो घेतलाय आणि मलकापूरहून पाटणकडं भाजी नेतो. हात कसा आहे हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. या वर्षी आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन करायचं ठरलं तेव्हा तिला कराडला न्यायला तोच टेम्पो घेऊन आला. पुढं आई मध्ये, मी खिडकीशी. कुंडलपासून कराडपर्यंत आई एकटीच बोलत होती. मी रस्त्याकडं कमी आणि त्याच्या हातांकडं जास्त बघत होतो. बोटं घट्ट होती, पण वळणाला सुटत होती, परत धरत होती.

दवाखान्याच्या फाटकात गाडी थांबली तेव्हा मी आईच्या डोक्यावरून म्हणालो, “दादा, चुकलं माझं.”

“आईला उतरीव आदी,” तो म्हणाला.

मी तिला उतरवलं. तो गाडी लावायला गेला तो बऱ्याच वेळानं परत आला आणि माझ्यापासून चार खुर्च्या सोडून बसला. ऑपरेशन नीट झालं. सुट्टी मिळाली त्या दिवशी डॉक्टरांनी व्यायाम सांगितले आणि जिन्याचं घर टाळायला सांगितलं. आमच्या घराला जिना नाही. तरी आई म्हणाली, मलकापूर जवळ पडतं, काही दिवस तिकडं राहते. दादानं तिला टेम्पोत बसवलं, मी एस्टीनं कुंडलला आलो.

याला आता तीन महिने झाले. फोन केला की आई म्हणते, अजून जरा गुडघा बसू दे. वहिनी आणि माझी बायको आता परत बोलतात. वहिनीनं तिला सांगितलंय की आई रोज सकाळी नदीच्या पुलापर्यंत चालत जाऊन येते.